खारपाणपट्ट्यातली जुनी पिकअप: घरी काय करायचं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा. दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने 2009 ची डीआय (डिझेल इंजिनाची) पिकअप घेतली. रिकामी असली की नीट चालते. माल भरून उन्हात निघाली की काटा लाल पट्टीत जातो. गावच्या मेकॅनिकने वॉल, म्हणजे थर्मोस्टॅट (गरम झालेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप), काढून टाकला तरी फरक नाही, आता तो हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलायचं म्हणतो. घरी कोणती कामं जमतील, मागे दोन पाटे (ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवावे का, आणि एवढ्या जुन्या गाडीवर पैसा लावावा की विकून टाकावी, हेही विचारलं आहे.

भाऊ, तुम्ही वॉल, पाटे, हेड सगळं लिहिलं, पण रेडिएटरमध्ये पाणी कुठलं टाकता ते लिहिलं नाही. आपल्या भागात गाडी तापते म्हटलं की मी आधी तेच विचारतो. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा जातो, तिथल्या बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, अन् तेच आपण बिनदिक्कत इंजिनात ओततो. इंजिनात पाणी तापतं, थोडं उडून जातं, क्षार मागे राहतात. कमी झालं की वरून पुन्हा तेच पाणी. असे काही उन्हाळे गेले की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या आतल्या पोकळीत पांढरा-तांबूस थर बसतो, आणि तो उष्णता बाहेर पडू देत नाही. रिकाम्या गाडीचं काम अर्ध्या बुजलेल्या रेडिएटरवरही भागतं. हरभऱ्याची पोती भरून 44-45 अंशांच्या उन्हात अकोल्याकडे निघालात की भागत नाही. तुमची गाडी नेमकं हेच सांगते आहे.

तेव्हा हेडला हात लावू नका. आधी बिनखर्चाच्या तपासण्या करा, त्याही सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. झाकण उघडून त्याचं रबर आणि स्प्रिंग बघा. हे झाकण पाणी दाबाखाली ठेवतं, आणि दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. रबर चिरलं असेल तर दाब राहत नाही, पाणी लवकर उकळून बाहेर येतं, आणि माणूस हेड गॅस्केटच्या, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगच्या, मागे लागतो. झाकण गाडीच्याच दाबाचं घ्या. 'जास्त दाबाचं लावू, अजून चांगलं' असं केलंत तर जुने होज पाइप फुटतील.

मग रेडिएटरची जाळी. कापूस वाहिलेल्या गाडीच्या रेडिएटरच्या फिनमध्ये, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत, रुई, तुरीचा भुसा आणि गवताचं बी असं गच्च बसलेलं असतं की बाहेरून साफ दिसतं अन् आत हवा जात नाही. पाइपाने साधं पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जाईल. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका, फिन झोपतात. पंख्याभोवतीचं कडं जागेवर आहे का तेही बघा. जुन्या गाड्यांत ते कुणीतरी काढून फेकलेलं असतं. कडं नसलं की पंखा आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो आणि जाळीतून फार थोडी हवा ओढतो.

फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबून बघा. साधारण एक सेंटीमीटर दबला तर ठीक, फार लोंबत असेल तर ताणा, आतून चिरा असतील तर बदला. एक गोष्ट फार कमी मालकांना माहीत असते: बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपना ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. अशा गाडीत बेल्ट तुटला की चार्जिंग जातं, पाण्याचा पंप थांबतो आणि ब्रेकही दगडासारखा कडक होतो, तिन्ही एकदम. एक बेल्ट आणि तो बदलण्यापुरते पाने सीटमागे कायम ठेवा.

आता हेड गॅस्केटची शंका. थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करा आणि तोंड लांब ठेवून बघा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे थोडे बुडबुडे येतात, ते जाऊ द्या. पण बुडबुडे थांबतच नसतील, रेस केली की वाढत असतील आणि पाण्याला धुराचा वास येत असेल, तर जळालेला गॅस पाण्यात शिरतो आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहिली, तर संशय पक्का. यातलं काहीच नसेल तर गाडी फिरवून आणा, बंद करा, पंखा थांबल्यावर रेडिएटरवर सावकाश हात फिरवा. सगळीकडे सारखं गरम लागलं पाहिजे. मधेच थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. पितळी रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला वरची टाकी उघडून नळ्यांत सळई मारून देतो. ॲल्युमिनियमचा असेल तर त्याची डागडुजी करत बसण्यापेक्षा नवा बरा. बाजारातलं ॲसिड ओतून घरी साफ करायच्या भानगडीत पडू नका. क्षारासोबत सोल्डर आणि ॲल्युमिनियमही खातं ते.

वॉल काढून टाकण्याचा प्रकार आपल्याकडे भल्ला बोकाळला आहे. उन्हाळा आला की काढ वॉल. अरे बाप्पा, तो साधारण 80 अंशांच्या आसपास उघडायला लागतो. गाडी तापल्यावर तो उघडाच असतो, मग काढून काय साधलं? उलट हिवाळ्याच्या सकाळी इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं, सिलिंडर घासतात. आणि ज्या इंजिनात वॉल उघडल्यावर बायपासची वाट बंद होते, तिथे वॉल काढला की ती वाट उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं. म्हणजे गाडी आणखी तापते. वॉल खराब आहे का हे घरीच कळतं. भगोन्यात पाणी घ्या, वॉल दोऱ्याने लटकवा, खाली जाळ लावा. पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला नाही तर बदला, उघडला तर परत बसवा.

रेडिएटर साफ झाल्यावर त्यात बोअरचं पाणी पुन्हा जाऊ द्यायचं नाही, सगळ्या कामाचं सार तेवढंच. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, नाहीतर घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. लोक म्हणतात, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला? कूलंट गंज आणि क्षार रोखतं आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवतं, आपल्याला ते या दोन गोष्टींसाठी हवं. जुनं कूलंट मात्र अंगणात सोडू नका. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू, लहान पोरगं, कुणीही चाटू शकतं. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

रस्त्यात काटा चढलाच तर झाडाखाली थांबा. वाफ निघत नसेल, पाणी गळत नसेल तर न्यूट्रलला इंजिन चालू ठेवा, पंखा त्याला थंड करतो. पाणीच संपलं असेल तर लगेच बंद करा. वरचा होज पाइप हातात धरवेल इतका निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि तापलेल्या ब्लॉकवर थंड पाण्याची बादली तर मुळीच ओतायची नाही. हेडला चीर अशाने जाते.

आता घरच्या कामांचं. तुमची गाडी घरी सांभाळण्याजोगी आहे. धुराच्या प्रदूषणाचे नियम, देशभर बीएस-4 लागू झालं 1 एप्रिल 2017 ला आणि बीएस-6 1 एप्रिल 2020 ला. तुमची त्याआधीची, मेकॅनिकल डिझेल पंपाची. तिला लॅपटॉप लावावा लागत नाही. पण घरी काम म्हणजे आधी जागा. काळ्या मातीत जॅक लावू नका. वरून कोरडी दिसली तरी वजन आलं की ती दबते आणि जॅक तिरपा होतो. मुरमाच्या कडक जागेवर उभी करा, जॅकखाली जाड सागाची फळी टाका, चाकांना दगड लावा, आणि गाडी लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) बसल्याशिवाय खाली शिरू नका. नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर नाहीच. वीट एकदम फुटते. पान्यांचा बरा सेट, ग्रीस गन, मल्टिमीटर आणि दोन घोड्या, एवढ्यावर वर्षभराची बहुतेक कामं होतात.

इंजिन ऑइल 15W-40, डिझेल इंजिनासाठीचं, फिल्टर दर वेळी सोबत बदला. पुस्तकात किलोमीटर मोठे लिहिलेले असतात, ते डांबरी रस्त्याच्या हिशोबाने. पांदणीतली धूळ, वावर ते गाव असे छोटे पल्ले आणि ओझं असेल तर त्याच्या निम्म्यावर बदला. टर्बो असेल तर लांबून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर चालू राहू द्या. टर्बोच्या बेअरिंगला इंजिन चालू असेपर्यंतच ऑइल मिळतं.

हवेचा फिल्टर हा माझ्या मते ऑइलपेक्षाही मोठा विषय आहे, आणि त्याकडे कुणी बघत नाही. कागदी असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारा, धुऊ नका, उजेडासमोर धरून भोक दिसलं तर फेका. ऑइल बाथ असेल तर तळातला गाळ काढून खुणेपर्यंतच ताजं ऑइल भरा. पण खरी मेख फिल्टरच्या पुढे असते. फिल्टरपासून इंजिनापर्यंत जाणारा रबरी पाइप हाताने पिळून बघा. घडीत चीर असेल तर फिल्टर नवाकोरा असूनही सगळी धूळ त्या चिरेतून थेट आत जाते, आणि मग पिस्टनच्या रिंगा घासून गाडी निळा धूर मारायला लागते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि गरम इंजिनाचा पांढरा म्हणजे पाणी नाहीतर न जळलेलं डिझेल, हे लक्षात ठेवलं की मेकॅनिक काय सांगतो ते ताडून बघता येतं.

डिझेल फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी पावसाळ्यात दर आठवड्याला सोडा, विशेषतः ड्रममधून डिझेल भरत असाल तर. डिझेल संपून लाइनने एअर धरली तर घाबरायचं काही नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताचा प्रायमर (डिझेल ढकलणारा छोटा पंप) मारत राहा, फेस थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग डिझेल पंपावरचा स्क्रू, तसंच. तरीही उठली नाही तर नोझलकडचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या टोकाकडचे) नट थोडे सैल करून सेल्फ (स्टार्टर) मारायचा. तिथे हात किंवा तोंड जवळ नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी सरळ दवाखाना गाठा.

डिझेल पंपाचं सील मात्र तोडू नका. 'पंप थोडा वाढवून देतो, गाडी उडते बघा' असं सांगणारे पोट्टे प्रत्येक चौकात आहेत. डिझेल वाढलं, हवा तेवढीच. काळा धूर, जास्त उष्णता, आणि तुमची गाडी आधीच तापते आहे! पंप आणि नोझल हे बेंचवर तपासायचं काम आहे, ते पंपवाल्याकडेच द्या. टॅपेट सेटिंग (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं) शिकून घ्या, ते घरी जमतं. क्लच प्लेट, गिअरबॉक्स उतरवणं घरी नको.

ब्रेकमध्ये शू बघणं, ड्रम साफ करणं, ॲडजस्ट करणं घरी होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढत असतं, म्हणून दोन वर्षांनी सगळं बदला. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणार असाल तर याचं महत्त्व उतरताना कळतं: ओलावा धरलेलं ऑइल तापून त्यात वाफ होते आणि पेडल तळाला जातं. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, त्यातही इंजिन बंद करून, घाट उतरणं म्हणजे राजेहो मरणाची तयारी आहे.

पावसाळ्यात नाल्यातून गाडी नेणं टाळाच. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, यावर चर्चा नाही. पण वावराच्या वाटेवर चाकभर पाणी लागतंच. लांबून आल्यामुळे गरम झालेला मागचा गोळा (मागच्या एक्सलमधला डिफरन्शियल) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, श्वासनळीतून (गोळ्याची हवा जायची नळी) पाणी आत ओढलं जातं. पावसाळा संपला की गोळ्याचा वरचा बोल्ट उघडून ऑइल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सगळं काढून नवीन 90 नंबरचं भरा, आणि श्वासनळीचं टोक मातीने बुजलं असेल तर मोकळं करा. क्रॉस, शॅकल, किंगपिन या सांध्यांना त्याच दिवशी ग्रीस मारा, आतली काळी घाण बाहेर येऊन नवं ग्रीस दिसेपर्यंत.

आता पाटे. वाढवू नका. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन दोन्ही लिहिलेलं असतं. समजा 1,600 आणि 2,800 किलो, तर मधले 1,200 म्हणजे माणसं धरून 12 क्विंटल. पाटे वाढवले तरी हा आकडा वाढत नाही, कारण चेसिस, एक्सल, टायर आणि ब्रेक तेच असतात. शिवाय बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलवर एक दांडी आणि वॉल्व असतो. मागचा भाग ओझ्याने किती खाली बसला ते बघून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. पाटे कडक झाले की गाडी भरूनही खाली बसत नाही, वॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक ढिले राहतात. तुमचा एखादा पाटा तुटला असेल किंवा कमान सपाट झाली असेल तर तेवढा सेट मूळ मापाचा करून घ्या. यू-बोल्ट नवे टाका आणि काही दिवस माल वाहून झाल्यावर पुन्हा आवळा. कापसाच्या गाडीत वजनापेक्षा उंची घात करते, आकोटच्या जिनिंगपर्यंत वळणं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

युरिया किंवा सुपर फॉस्फेटची पोती आणली की त्याच दिवशी हौदा धुऊन टाका. सांडलेलं खत दवात विरघळतं आणि पत्रा खातं. चेसिसच्या कोपऱ्यांत अडकलेली काळी माती उन्हाळ्यापर्यंत ओल धरते, तीही काढा. गंज घासून रेड ऑक्साइड, मग रंग. जळकं ऑइल फवारायची पद्धत आहे, पण ते रबराच्या बुशांवर आणि ब्रेकवर गेलं तर नुकसान. ब्रशने फक्त लोखंडावर लावा.

वायरिंगचं थोडक्यात. बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत 13.8 ते 14.4. इंजिन ते चेसिसची अर्थ पट्टी साफ करा, निम्मे 'सेल्फ कमजोर' तिथेच बरे होतात. बॅटरीतही डिस्टिल्ड वॉटरच. टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. फ्यूजऐवजी तार लावलेली दिसली तर आजच काढा. तुरीच्या पोत्यांजवळ गाडी उभी राहत असेल तर बोनेट अधूनमधून उघडा. उंदरांना वायरचं प्लास्टिक फार आवडतं.

आणि गाडी नुसती राबवू नका. थंडीत वावरात फाळका पाडून त्यावर बसून हुरडा खाल्ला, दसऱ्याला धुऊन-पुसून झेंडूचा हार घातला, पोराला शेजारी बसवून आवाजावरून गिअर ओळखायला शिकवलं, याचा हिशोब डिझेलच्या वहीत येत नाही. फक्त शेगावच्या दर्शनाला अख्खं घरदार हौद्यात बसवून नेऊ नका. मालवाहू गाडीत माणसं नेणं बेकायदा आहे, अपघात झाला तर विम्याच्या भरपाईचा घोळ होतो, आणि हौद्यात धरायला काहीच नसतं.

विकावी की ठेवावी? पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी आपोआप भंगारात जाते ही अफवा आहे. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या नोंदण्या रद्द झाल्या त्या सरकारी गाड्यांच्या, आणि दहा वर्षांवरच्या डिझेलची अट दिल्ली परिसराची. तुमच्या मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग लागतं. जुन्या गाडीची पासिंग फी जास्त असते, वर पर्यावरण कर आणि विमा. हे सगळे धरून आकडा काढा. 2019 च्या आधीची नोंदणी असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागेल, नसेल तर लावून घ्या.

रेडिएटर, कूलंट, बेल्ट, वॉल, होज एवढ्यात तापणं थांबलं तर गाडी ठेवा. इंजिन घासलं असलं तरी दुरुस्त होतं, सुटे भाग अमरावती-अकोल्यात मिळतात. मी बघतो ते चेसिस. खाली झोपून मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ आणि केबिनच्या मागे दोन्ही बाजूंना छोटी हातोडी मारत जा. खणखणीत आवाज आला तर खर्च करायला हरकत नाही. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले किंवा जुन्या वेल्डिंगच्या शेजारी नवी चीर दिसली, तर रेडिएटरवरही पैसे घालू नका. दोष सांगून, मिळेल त्या भावात काढून टाका.